रानावरील आकाशाची राखण

इ. स. २०२२ च्या गुढीपाडव्याच्या दिवशीं, म्हणजे २ एप्रिल रोजीं, दिवेलागणीनंतर विदर्भांतील लोकांनीं आकाशांत एक विलक्षण देखावा पाहिला. जळत्या निखाऱ्यांची एक रांग आकाशाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकत गेली. कोणी तिला उल्का म्हटलें, कोणास विमान पेटल्याचा भास झाला. त्याच रात्रीं चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यांत लाडबोरी या गांवीं धातूचें एक भलें मोठें कडें आकाशांतून येऊन पडलें. त्या भागांत पोकळ धातूचे गोळेहि सांपडले. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. फेब्रुवारी २०२१ मध्यें उडालेल्या एका चिनी रॉकेटाचे ते अवशेष असल्याचा निर्वाळा अवकाश-निरीक्षकांनीं पुढें दिला.

नागपुरास मोठा विमानतळ आहे, तेथें रडार आहे, रात्रंदिवस माणसें पडद्याकडे डोळे लावून बसलेलीं असतात. मग शंभर-सव्वाशें किलोमीटरवर पडणारी ही वस्तु त्यांस आधीं कशी दिसली नाहीं, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर असें कीं, विमान-वाहतुकीचें रडार आकाशांतील प्रत्येक वस्तु पाहण्यासाठीं उभारलेलें नसतें. तें प्रामुख्यानें विमानास हांक मारतें आणि त्याचें उत्तर ऐकतें. ज्याला उत्तर देतां येत नाहीं, तें त्याच्या लेखीं जवळजवळ नसल्यासारखेंच. ही गोष्ट ऐकावयास चमत्कारिक वाटते. परंतु विमान-वाहतुकीच्या नियंत्रणाचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे ती कशी घडून आली हें ध्यानांत येतें. आणि त्या इतिहासाशीं नागपूरचा, तसाच नागपूरच्या दक्षिणेस व आग्नेयेस पसरलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानाचा संबंध वाटतो त्याहून पुष्कळ जवळचा आहे.

विमानें थोडीं होतीं तोंवर त्यांस वाट दाखविणाराची गरज भासली नाहीं. वैमानिक खालीं पाहून रेल्वेचे रूळ, नदी किंवा मोठा रस्ता धरून जात असे. ७ एप्रिल १९२२ रोजीं उत्तर फ्रान्समध्यें या रिवाजाचा परिणाम दिसून आला. लंडनहून पॅरिसकडे टपाल घेऊन निघालेलें इंग्रज विमान आणि पॅरिसहून लंडनकडे उतारू घेऊन निघालेलें फ्रेंच विमान, दोन्ही एकच रस्ता धरून, एकाच उंचीवरून, धुक्यांत समोरासमोर आलीं आणि एकमेकांवर आदळलीं. सात माणसें दगावलीं. आकाश एवढें अफाट, पण माणसें त्यांतहि एकाच पायवाटेनें चाललीं होतीं.

लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर १९२० पासूनच एक लहानसा मनोरा होता व तेथून वैमानिकांशीं बिनतारी संभाषण होऊं लागलें होतें. अमेरिकेंत सेंट लुई येथें १९२९ सालीं आर्ची लीग नांवाचा गृहस्थ धांवपट्टीच्या टोकाशीं खुर्ची टाकून, डोक्यावर छत्री लावून बसे, आणि दोन निशाणें दाखवून विमानांस थांबवी किंवा सोडी. एवढ्यानें विमानतळापुरतें भागलें, वाटेचें काय? १९३५ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्कजवळील नेवार्क येथें विमान-कंपन्यांनीं मिळून दोन विमानतळांमधल्या वाटेवर नजर ठेवणारी एक कचेरी काढली. नजर हा शब्द येथें उपचारानेंच वापरावयाचा, कारण वाटेवरचें एकहि विमान त्या कचेरींतून दिसत नसे. भिंतीवर फळा, मेजावर नकाशा आणि नकाशावर विमानांच्या नांवाच्या लहान खुणा. वैमानिकाचा निरोप आला कीं खूण पुढें सरकवावयाची, एवढाच तो खेळ. पण त्या खेळावर माणसांचे प्राण अवलंबून होते.

ही पद्धति समजण्यास रेल्वेचें उदाहरण पुरेसें आहे. नागभीडच्या स्टेशनमास्तरास पुढच्या स्टेशनाकडे गेलेली गाडी दिसत नाहीं. ती तेथें पोंचल्याचें कळल्यावांचून तो त्याच रुळावर दुसरी गाडी सोडीत नाहीं. डोळ्यांचें काम नियम करितो. आकाशांत रूळ नाहींत आणि गाडीस वाटेंत उभें राहतां येत नाहीं, एवढाच काय तो फरक, आणि तो थोडाथोडका नव्हे.

आपल्या देशांत या पद्धतीची खरी कसोटी नागपूरच्या सोनेगांव विमानतळावर लागली. ३० जानेवारी १९४९ रोजीं रात्रीची हवाई टपाल-योजना सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास या चार शहरांतून रात्रीं टपालाच्या थैल्या व कांहीं उतारू घेऊन विमानें निघत. मध्यरात्रीच्या सुमारास सर्व नागपुरास उतरत. थैल्यांची अदलाबदल होई, आणि उजाडण्याच्या सुमारास प्रत्येक विमान आपापल्या शहरीं परत जाई. मुंबईस संध्याकाळीं पेटींत टाकलेलें पत्र दुसऱ्याच दिवशीं कलकत्त्यास पोंचूं लागलें. त्याच वर्षीं साध्या पत्रांसहि जादा हंशील न घेतां विमानानें नेण्याची व्यवस्था झाली. मध्यंतरीं पडलेला थोडा खंड वगळतां ही योजना १९७३ पर्यंत चालली. देशाच्या नकाशाच्या मध्यावर एखादें शहर असण्याचा उपयोग काय, हें नागपूरकरांस तिनें रोज मध्यरात्रीं दाखवून दिलें.

आतां मनोऱ्यांत बसलेल्या नियंत्रकाची स्थिति पाहावी. चार दिशांनीं चार विमानें एकाच वेळीं एकाच जागेकडे येत आहेत. बाहेर अंधार. रडार नाहीं. मद्रास ते नागपूर अशी सरळ रेषा नकाशावर ओढिली तर ती चांदा शहराच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, अगदीं जवळून जाते. गोदावरी ओलांडल्यापासून त्या रेषेखालीं त्या काळीं दिव्याचा ठिपकाहि विरळा. पावसाळ्याच्या रात्रीं तर वर ढग, खालीं रान. तेथून वैमानिकाचा आवाज येई : अमुक वाजतां अमुक ठिकाणावर, इतक्या फुटांवर, पुढील ठिकाण अमुक वाजतां. नियंत्रक तें कागदाच्या पट्टीवर लिही, पट्ट्या एकीखालीं एक लावी आणि मनांतल्या मनांत आकाश उभें करी. दोन विमानें जवळ येत असतील तर त्यांच्या उंचींत निदान हजार फुटांचें अंतर हवें; एकाच उंचीवर एकामागून एक असतील तर वेळेंत दहा मिनिटांसारखें मोठें अंतर हवें. उतरण्याची पाळी येईपर्यंत विमानें जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें एकावर एक घिरट्या घालीत राहत. खालचें उतरलें कीं वरच्या प्रत्येकानें एक पायरी खालीं यावयाचें.

या व्यवस्थेंत सर्व मदार वैमानिकाच्या शब्दावर होती. वाऱ्यानें तो दहा कोस बाजूला फेंकला गेला असेल आणि त्याचें त्यालाच ठाऊक नसेल, तर नियंत्रकाची पट्टीहि तितकीच चुकणार. १२ डिसेंबर १९५३ रोजीं, रात्र सरण्यापूर्वीं, सोनेगांवहून मद्रासकडे निघालेलें डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळलें व तेरा माणसें गेलीं; लोकसभेचे सभासद व कामगार-पुढारी हरिहरनाथ शास्त्री त्यांत होते. तो दोष इंजिनाचा होता, नियंत्रणाचा नव्हता. तथापि रात्रीच्या त्या धंद्यांत वैमानिक आणि नियंत्रक दोघेहि कशाच्या जोरावर काम करीत याची कल्पना त्या एका अपघातावरून येते.

वास्तविक नियंत्रकास डोळे देणारें यंत्र तोंवर जन्मास आलें होतें. त्याच्या जन्माची हकीकत नभोवाणीच्या श्रोत्यांस विशेष जवळची वाटावी. १९३५ च्या आरंभीं इंग्लंडच्या हवाई खात्यानें रॉबर्ट वॉटसन-वॉट या शास्त्रज्ञाकडे विचारणा केली, कीं बिनतारी लाटांनीं शत्रूच्या वैमानिकास दुरूनच ठार करितां येईल काय? त्याचा सहकारी आर्नोल्ड विल्किन्स यानें गणित मांडून तें अशक्य असल्याचें दाखविलें. पण त्याच गणितांतून असें निघालें कीं, विमानावर आदळून परत फिरणाऱ्या लाटा ओळखतां येण्याजोग्या असाव्यात. २६ फेब्रुवारी १९३५ रोजीं प्रयोग झाला. त्यासाठीं नवें प्रक्षेपक यंत्र उभारावें लागलें नाहीं. डॅव्हेंट्री येथील ज्या केंद्रावरून बी.बी.सी.चीं गाणीं आणि बातम्या लघुलहरींवर जगभर जात, त्याच केंद्राच्या लाटा वापरल्या. कांहीं मैलांवर एका शेतांत मोटार उभी करून तिच्यांत ग्राहक-यंत्र ठेविलें होतें. एक बॉम्बफेकी विमान आकाशांत येरझारा घालूं लागलें, आणि कांचेच्या नळीवरील प्रकाशाचा ठिपका लांबूं-आखडूं लागला. सुमारें आठ मैलांपर्यंत विमानाचा पत्ता लागला. श्रोत्यांच्या घरीं संगीत पोंचविणाऱ्या लाटाच परत फिरून विमानाची चाहूल सांगत होत्या.

याच्याहि आधीं, १९०४ सालीं, क्रिस्टियान ह्युल्समायर या जर्मन गृहस्थानें कलोन येथें धुक्यांतलें जहाज ओळखण्याचें असेंच यंत्र करून दाखविलें होतें. पण तें विकत घेण्यास कोणी पुढें आलें नाहीं. वॉटसन-वॉटच्या मागें मात्र युद्धाची निकड उभी होती. १९३९ मध्यें युद्ध सुरू झालें तेव्हां इंग्लंडच्या पूर्व व दक्षिण किनाऱ्यावर रडारच्या मनोऱ्यांची सांखळी तयार होती. १९४० च्या फेब्रुवारींत बर्मिंगहॅम विद्यापीठांत रँडल व बूट यांनीं अवघ्या दहा सेंटिमीटरांच्या आंतबाहेरील लांबीच्या जोरदार लाटा निर्माण करणारी नळी सिद्ध केली, तेव्हां उंच मनोऱ्यांचें काम लहान तबकडीवर भागूं लागलें. रडार हा शब्दहि त्याच वर्षीं अमेरिकन नौदलानें चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून बनविला.

रडारचें काम कसें चालतें तें रानांतल्या शेतकऱ्यास सांगणें शहरांतल्या माणसास सांगण्यापेक्षां सोपें आहे. ताडोबाच्या बाजूचा शेतकरी रात्रीं मचाणावर बसून पिकाची राखण करितो. तो विजेरीचा झोत सभोंवार फिरवितो. झोत रानडुकरावर किंवा वाघाच्या डोळ्यांवर पडला कीं उजेड परत येतो आणि कांहींतरी आहे एवढें कळतें. पहिल्या प्रकारचें रडार हेंच करितें. त्याची तबकडी गरगर फिरत लाटांचे झटके सोडिते आणि परतीच्या लाटेची वाट पाहते. लाटेचा वेग सेकंदास तीन लक्ष किलोमीटर. गडचिरोलीवरून जाणारें विमान नागपुरापासून सुमारें १४० किलोमीटर दूर असतें; जाण्यायेण्याचे २८० किलोमीटर लाट एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षांहि कमी वेळांत कापते. तो वेळ मोजला कीं अंतर कळलें, तबकडीचें तोंड कोणीकडे होतें त्यावरून दिशा कळली.

पण मचाणावरच्या राखणदारास जी अडचण तीच या रडारासहि आहे. कांहींतरी आहे हें कळतें. काय आहे, कोण आहे, हें कळत नाहीं. वाहतुकीच्या पडद्यावरील नुसत्या ठिपक्यास नांव नसतें, आणि त्याहून वाईट म्हणजे उंचीहि नसते. पाऊस, टेकड्या, पक्ष्यांचे थवे यांचेहि ठिपके उमटतात. म्हणून राखणदार शेवटीं ओरडतो, “कोण आहे रे तिकडे?” अंधारांतून “मी आहे, पाटलाचा गडी” असें उत्तर आलें कीं सर्व उलगडा होतो. दुसऱ्या प्रकारचें रडार हें अशी हांक आहे. युद्धांत आपलें विमान कोणतें व शत्रूचें कोणतें हें ओळखण्याच्या गरजेंतून तें निघालें. जमिनीवरून प्रश्न जातो. विमानांत बसविलेलें यंत्र त्याचें उत्तर देतें. उत्तरांत चार अंकी खूण असते व विमानाची उंचीहि असते. खुणेंत शून्य ते सात एवढेच आंकडे येत असल्यामुळें एकंदर ४,०९६ खुणा होतात. त्यांतील ७७०० म्हणजे संकट, ७६०० म्हणजे बोलण्याचें यंत्र बंद, ७५०० म्हणजे विमान पळविलें जात आहे.

लाडबोरीच्या कड्याचें कोडें येथें उकलतें. त्या जळत्या अवशेषांत उत्तर देणारें यंत्र नव्हतें, म्हणून हांक मारणाऱ्या रडारास त्यांचा पत्ता लागण्याचें कारणच नव्हतें. अवकाशांतील भंगारावर पाळत ठेवणारीं रडारें निराळीं आणि फार मोठीं असतात. तींहि पडण्याची नेमकी जागा आधीं सांगूं शकत नाहींत. कारण असा तुकडा सेकंदास सात-आठ किलोमीटर वेगानें जात असतो, आणि अंदाजांत एका मिनिटाची चूक म्हणजे जागेंत साडेचारशें किलोमीटरांची चूक. ४ नोव्हेंबर १९२२ नव्हे, तर अगदीं अलीकडे, त्याच २०२२ सालच्या ४ नोव्हेंबरास दुसऱ्या एका चिनी रॉकेटाचे अवशेष येणार म्हणून स्पेनला आपल्या आकाशाचा कांहीं भाग तेवढ्यापुरता बंद ठेवावा लागला.

नुसता ठिपका आणि उत्तर देणारा ठिपका यांतील अंतर आपल्या देशास फार मोठी किंमत देऊन कळलें. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळीं दिल्लीहून निघालेलें सौदी अरेबियाचें विमान आणि दिल्लीकडे येणारें कझाकस्तानचें विमान हरियाणांत चरखी-दादरी येथें आकाशांत आदळलीं. ३४९ माणसें मरण पावलीं, दोन्ही विमानांतलें एकहि वांचलें नाहीं. वर जाणाऱ्या विमानास १४ हजार फुटांवर व खालीं येणाऱ्यास १५ हजार फुटांवर राहण्याची आज्ञा होती. येणारें विमान ठरल्याहून खालीं उतरलें. दिल्लीच्या नियंत्रकापुढील रडार पहिल्या प्रकारचें होतें. दोन ठिपके जवळ येतांना दिसत होते, पण उंची तोंडीं निरोपावरूनच घ्यावयाची होती. ज्या हजार फुटांच्या नियमावर नागपूरची मध्यरात्र विसंबून होती, तोच नियम येथें मोडला गेला आणि तो मोडल्याचें पाहणारें कोणी नव्हतें. त्यानंतर उंची सांगणारीं रडारें व विमानांनींच एकमेकांस सावध करण्याचीं यंत्रें यांची सक्ति व प्रसार झाला. हें आधीं करितां आलें नसतें काय, हा प्रश्न त्या वेळीं अनेकांनीं विचारला, आणि तो रास्तच होता.

आज चंद्रपूर-गडचिरोलीवरून दहा-अकरा हजार मीटरांवर जाणाऱ्या विमानांची नागपूरच्या नियंत्रण-केंद्रास बिनचूक माहिती असते. दिल्लीहून हैदराबाद व चेन्नईकडे, मुंबईहून कोलकात्याकडे जाणाऱ्या वाटा याच भागांत एकमेकींस छेदतात. मग रानावरचें आकाश पूर्ण राखलें गेलें, असें म्हणावें काय? नाहीं. कारण लाट सरळ जाते आणि पृथ्वी वांकडी आहे.

याचें एक सोपें गणित आहे. विमानाच्या उंचीचे मीटर घेऊन त्यांचें वर्गमूळ काढावें व त्यास ४.१२ नें गुणावें. जितके किलोमीटर येतील तितक्या अंतरावरून, मध्यें डोंगर नसल्यास, जमिनीलगतच्या रडारास तें विमान दिसूं शकतें. दहा हजार मीटरांचें वर्गमूळ शंभर, म्हणजे अंतर ४१२ किलोमीटर. नागपुरापासून सिरोंचा सरळ रेषेंत सुमारें २६५ किलोमीटर आहे, तेव्हां त्यावरून जाणारें मोठें विमान सहज दिसतें. उलट गणित केलें तर सिरोंच्यावर चार हजार मीटरांच्या खालचें, भामरागडावर सुमारें साडेतीन हजारांच्या खालचें, आणि गडचिरोली शहरावर हजार-बाराशें मीटरांच्या खालचें उड्डाण नागपूरच्या क्षितिजाआड राहतें. रडारची तबकडी उंचावर असल्यानें हे आंकडे थोडे कमी होतील, मधल्या डोंगरांनीं पुन्हा वाढतील. ढोबळ मान हेंच.

आणि गडचिरोली जिल्ह्याचें खरें उड्डाण याच खालच्या थरांत चालतें. १९८२ च्या २६ ऑगस्टला चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यांत नियमित प्रवासी विमान येत नाहीं. येतें तें हेलिकॉप्टर. चकमकींत जखमी झालेल्या जवानास नागपूरच्या रुग्णालयांत नेणें, २०१९ व २०२४ च्या निवडणुकांप्रमाणें दुर्गम केंद्रांवर मतदान-पथकें पोंचविणें, पर्लकोटा नदीच्या पुरानें भामरागड तुटलें म्हणजे अडलेल्या रुग्णास बाहेर काढणें, हीं कामें त्याचींच. तें झाडांच्या शेंड्यांवरून कांहीं शें मीटरांवर उडतें. जेथें त्याची गरज सर्वांत अधिक, तेथेंच तें नागपूरच्या नजरेआड होतें.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. विमानानें उपग्रहांवरून आपलें स्थान स्वतःच ओळखावें आणि दर क्षणीं तें आपण होऊन प्रसृत करावें, जमिनीवर नुसतें ऐकणारें यंत्र ठेवावें, अशी नवी पद्धति आतां जगभर रूढ होत आहे. ऐकणारें यंत्र रडारच्या मानानें लहान व स्वस्त असतें. सरळ रेषेचा नियम त्यासहि सुटत नाहीं, पण तें ठिकठिकाणीं बसवितां येतें. २०१९ पासून उपग्रहांवर बसविलेलीं यंत्रेंहि अशी हाळी वरून ऐकूं लागलीं आहेत. भारतीय विमानतळ प्राधिकरणानें २०२४ सालीं देशाच्या आकाशाचे मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई हे चार विभाग एकत्र करून त्यांचें नियंत्रण नागपुराहून करण्याच्या योजनेसाठीं प्रस्ताव मागविले. चार शहरांच्या टपालाचें जें गांव होतें, तेंच त्या चार शहरांच्या आकाशाचें ठाणें करण्याचा हा बेत आहे. एवढा मोठा बेत आंखतांना सुरजागड किंवा टिपागडाच्या डोंगरावर एक ऐकणारें यंत्र बसविण्याचा विचार व्हावा, ही मागणी कांहीं अवाजवी नव्हे.

तोंवर रानाच्या माथ्यावर जुनीच रीत चालते. वैमानिक निघण्यापूर्वीं आपला मार्ग व वेळ लिहून देतो. उंचावर असतां जेथवर आवाज पोंचतो तेथवर बोलतो. आणि उतरल्यावर पोंचल्याचा निरोप धाडतो. ठरल्या वेळीं निरोप आला नाहीं तर आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें तीस मिनिटें वाट पाहावयाची. तीस मिनिटें उलटलीं कीं ‘अनिश्चितते’ची अवस्था जाहीर होते व चौकशी सुरू होते, चौकशींतून कांहीं न कळल्यास ‘सावधगिरी’ची, आणि त्यानंतर ‘संकटा’ची. संकटाची अवस्था जाहीर झाली म्हणजे शोध-पथकें निघतात, आणि शोध आरंभावयाचा तो वैमानिकाचा शेवटचा शब्द जेथून आला त्या ठिकाणापासून.